मोरचुदाचं गणित

यजमानाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात काढलाच नाही. बोटं खांद्यावरून खाली सरकली. शर्टाखाली जानवं लागतंय का, ते चाचपत. मी हा हात ओळखतो. नागपुरात ओळखायचो, इथे न्यू जर्सीतही ओळखतो.

वेस्ट विंडसरमधलं त्याचं घर. तळघरात दर शनिवारी मी मराठी मंडळींच्या मुलांना केमिस्ट्री शिकवायचो. फुकट. मी औषधांच्या लॅबमध्ये केमिस्ट. आपल्या लोकांची मुलं, एवढंच मनात. आपले लोक!

त्या दिवशी मोल, म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक, शिकवत होतो. फळ्यावर मोरचूद घेतला, कॉपर सल्फेटचे निळे खडे. शंभर ग्रॅम म्हणजे किती मोल? मी एका मोलच्या वजनाने, एकशे साठने भागलं. उत्तर आलं ०.६३.

"बाबा, यू फरगॉट द वॉटर," मुलांत बसलेली माझी मुलगी म्हणाली.

खरंच विसरलो होतो. निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांचं वजन धरलं की एक मोल अडीचशे ग्रॅमचा होतो. उत्तर ०.४. लॅबमध्ये हे कुणाचंही होतं. बाटलीवरचं लेबल नीट न वाचता वजन करतात, वैतागतात, पुन्हा करतात. पोरीने पकडलं म्हणून मला तर आनंदच झाला.

जिन्यात यजमान उभा होता. शेजारच्या पालकाला मराठीत म्हणाला, मुलांना कळणार नाही या हिशेबाने, "चालायचंच यार. कोट्यातली केमिस्ट्री आहे."

दोघं हसले. आणि मीही हसलो.

हे लिहिताना लाज वाटते. पण इतकी वर्षं मी हेच केलं. कुणी आडनाव विचारलं की विषय बदलायचा. घरी पाहुणे येणार असले की जयभीम लिहिलेलं कॅलेंडर कपाटात. बुद्धाची मूर्ती मात्र बाहेर, ती शोभेची म्हणून खपते.

"बाबा, व्हॉट्स कोटा? व्हाय डिड यू लाफ?"

मुलीने सगळ्यांसमोर विचारलं. तिला मराठी कळतं, हे तो विसरला होता. 'काही नाही गं' तोंडाशी आलं होतं. गिळलं.

मार्कर खाली ठेवला. मुलांना इंग्रजीत म्हणालो, "पाणी मी विसरलो. चूक माझी. आणि कोटा म्हणजे, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्यासाठी राखलेली जागा. मी त्या जागेवर शिकलो. आय अ‍ॅम दलित."

बहुतेक मुलांना तो शब्दच ठाऊक नव्हता. माझ्या मुलीलाही नव्हता. ते जास्त लागलं. तिचा बाप मीच ना!

यजमान खाली आला. "अहो, मुलांसमोर हे कशाला? आमच्या घरात आम्ही जातपात काढत नाही."

"आत्ताच काढलीत. फक्त त्यांना कळणार नाही असं वाटलं तुम्हाला."

रविवारी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, क्लास कॅन्सल केलाय. कारण दिलं नव्हतं. एकाही पालकाने विचारलं नाही.

मी टाउनच्या लायब्ररीत खोली मागितली आहे. मुलं येतील, न येतील. राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. फळ्यावर माझ्या हातून पुन्हा चुका होतील. त्या माझ्या असतील. त्यातली एकही मी माझ्या जातीच्या नावावर मांडू देणार नाही.