अक्कांनी माझा त्रास स्वतःचा म्हणून सांगितला

चार दिवस म्हणून लेकीकडे येलहंक्याला गेलेल्या अक्का तिथेच वारल्या, असा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. मी नुसती कन्नडमधले ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणत राहिले, जणू कुणी साधा निरोप देत होते... आज महिना होत आला. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, के. आर. पुरमला भिंतीला भिंत लागून घर. लग्न होऊन मी बेंगळुरात आले तेव्हा मला कन्नड येत नव्हते, आणि पुढे आले तरी परक्या माणसापुढे तोंड उघडत नसे. दुकानात, मुलांच्या शाळेत माझ्या वतीने अक्काच बोलायच्या.

पाळी जायच्या वयात मला फार त्रास झाला. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, मानेवरून घाम उतरायचा, झोप नाही, आणि कुणी साधे जेवलीस का विचारले तरी रडू यायचे. मला वाटले, आपले डोके फिरते आहे. हे अक्कांना सांगितले, तर दुसऱ्याच दिवशी त्या मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाई काय होतेय विचारू लागल्या आणि मी खाली बघत बसले. अक्कांनी थोडी वाट पाहिली, मग माझा सगळा त्रास स्वतःचा म्हणून सांगून टाकला. मला वाटले, सुटले. बाईंनी अक्कांचेच ब्लड प्रेशर बघितले. म्हणाल्या, हार्मोनच्या गोळ्यांनी वाफा कमी होतील, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत. घरात कुणाला छातीत गाठ झाली होती का? अक्का लगेच नाही म्हणाल्या. त्यांच्या माहेरी नव्हतीच. बाई गोळ्या लिहू लागल्या.

माझी आई त्या गाठीनेच गेली होती. अक्कांना ते ठाऊक नव्हते, आमच्याकडे त्या दुखण्याचे नाव कुणी काढत नसे. बाईंचे पेन चालले होते...

“त्रास मला होतोय,” मी मोडक्या कन्नडमध्ये म्हटले. “माझी आई गाठीने गेली.”

बाईंनी पेन खाली ठेवले. अक्का शांतपणे म्हणाल्या, “मग हिलाच तपासा. माझं सगळं थांबून सहा वर्षं झाली.”

बाईंनी तो कागद फाडला आणि मला तपासले. हार्मोनच्या गोळ्या तुम्हाला नकोत, म्हणाल्या. चहा-तिखट कमी, अंगावर सुती कपडे, रोज चालणे, हाडांसाठी कॅल्शियम; तरी भागले नाही तर दुसरे औषध आहे, पण महिन्याने येऊन सांगा, आणि स्वतः सांगा. बसमध्ये अक्का म्हणाल्या, “येतं की गं बोलायला. मग एवढी वर्षं मला का राबवलंस?”

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर तळ्यापर्यंत चालायला येऊ लागल्या. वाफा एकदम गेल्या नाहीत, पण झोप लागू लागली. वाटेत मला घाम फुटला की मी काही म्हणायच्या आत त्या पदराने वारा घालायच्या. फुलवालीपाशी मात्र मुद्दाम तोंड फिरवून उभ्या राहायच्या. शेवंती मीच मागायची, भाव मीच करायचा.

अजून मी चालायला जाते. परवा फुलवालीने विचारले, अक्का दिसत नाहीत त्या? मी सवयीने बाजूला पाहिले... मग तिला सांगितले.