पूर्णगडचा बांगडा, घाटावरची वीज

बाळांनो, सकाळच्या एसटीने भाट्ये, पावस मागे टाकत मी पूर्णगडला निघाले. सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) गवत पिवळं पडलं होतं आणि वळणावळणाला समुद्र डोकावत होता. माझी भाची माधवी तिथे मासे गोठवून पाकिटांत भरायचा कारखाना चालवते.

तिने आधी किल्ला दाखवला. पायऱ्यांवर माझी चप्पल तुटली, म्हणून तिच्या जुन्या चपला घालून बंदरावर गेले. मासळीवालीपुढे दोन टोपल्या होत्या.

"ह्यो आपल्या होडीचा बांगडा. त्यो बर्फातला, भायरचा."

"भायरचा मला दाखवूच नको गो!" माधवी म्हणाली.

"म्हणून तर टोपली येगळी ठेवलीय, बाय."

दुपारी त्याच बांगड्याचं तिखलं (दाट, आंबट-तिखट कालवण) आणि भात. जेवताना माधवीने नव्या पाकिटाचा नमुना पुढे केला. त्यावर हिरव्या पानाखाली लिहिलं होतं, 'संपूर्ण स्वच्छ विजेवर गोठवलेले'. संध्याकाळपर्यंत छापखान्याला होकार द्यायचा होता.

"कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल तर दिसली नाहीत," मी म्हटलं.

"राजस्थानातल्या सौर प्रकल्पाची वीज, मावशी. आम्ही वापरतो तेवढी वीज तिथे तयार झाली, असे दाखले विकत घेतो. सक्ती नाही हं, आपणहून."

"आणि इथल्या तारेतून येते ती?"

"नेहमीचीच. पण देशभर तारा जोडलेल्या आहेत ना?"

"बांगड्याला बंदराची हद्द आणि विजेला सगळा देश?"

"विजेला वास येत नाही, मावशी!"

"म्हणूनच टोपली वेगळी हवी."

ती चिडली. बांगड्याचे काटे काढत बसली. मलाही वाटलं, जेवताना कशाला बोलले? मग तीच म्हणाली, "पाकिटावर नाव माझं असतं. कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगता आलं पाहिजे. घाटावरच्या पवनचक्क्यांचे दाखले मिळतात, महाग पडतात. पण राज्याची हद्द धरली, तर निदान शेजारची म्हणता येईल."

हात धुऊन तिने फोन लावला. "ओळ बदला. 'संपूर्ण' काढा. 'विजेचे दाखले घाटावरच्या पवनचक्क्यांचे' असं घाला. हो, लांब होतंय. अक्षर बारीक करा."

मग मला ताकाचा पेला देत म्हणाली, "झालं समाधान?"

परतताना भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीचे दिवे दिसले. त्यातला कुठला दिवा कुठल्या विजेचा, ते मला काही ओळखता आलं नाही. तरी छान वाटत होतं.

तुमच्या ऑफिसच्या दारावरही हिरवं पान रंगवलेलं मी फोटोत पाहिलंय. वीज कुठली, ते विचारून कळवा. चपला परत द्यायला मला पूर्णगडला जायचंच आहे, आणि माधवी विचारल्याशिवाय राहायची नाही.