अर्धी रिंग

फोन वाजला आणि वाजतच राहिला. मी चहाचं आधण ठेवत होते. हात पुसून फोनपाशी येईपर्यंत तो वाजून वाजून थांबला. नाव माझ्या मैत्रिणीचंच होतं, वेळही रोजचीच, तरी मी फोन हातात धरून उभी राहिले.

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या मंडळाची ही पद्धत. सकाळी उठलं की प्रत्येकीनं आपल्या पुढचीला मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ एकच, मी हाय. जिचा आला नाही तिच्या दारात जायचं. फोन मात्र उचलायचा नाही. उचलला की पैसे पडतात हे बायकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की बोलणं फुकट झालं तरी कुणाचा हात हिरव्या बटणाकडे जात नाही. माझ्या आधी जिचा नंबर, ती तर सगळ्यांत चिक्कू. तिची रिंग म्हणजे अर्धीच. मी चिडवायचे, "अगं, पुरती वाजू दे की." ती म्हणायची, "तुमी फौजीच्या मंडळी. तुमाला पेन्शन हाय."

आज ती पुरती वाजली होती. शेवटपर्यंत.

मी या मंडळात हौसेनं गेले नव्हते. माझं माहेर आटपाडीकडचं, कोरडवाहू. लग्नानंतर सगळा जन्म छावण्यांमध्ये गेला. निवृत्तीनंतर साताऱ्याजवळ हायवेलगतच्या या सासरच्या गावात घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत हे गेले. मुलं पुण्यात. गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ओळख करून घ्यायची मला गरजही वाटत नव्हती. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला जवळजवळ धरूनच नेलं. ऊसवाल्या घरची बाई, आवाज असा की पलीकडच्या शिवारातल्या माणसानं ओ द्यावी.

पहिल्याच महिन्यात एकदा लेकाशी भांडण झालं, त्या तिरमिरीत मी सकाळी कुणालाच रिंग दिली नाही. तासाभरात अख्खं मंडळ दारात. मी दात घासता घासता दार उघडलं आणि एकेकीला फैलावर घेतलं. बाकीच्या मागे सरकल्या. ही अर्ध्या रिंगवाली मात्र गालात हसून म्हणाली, "जित्त्या हायसा न्हवं? मग रागवा खुशाल."

तिथून आमची गट्टी जमली. दुपारी मंडळाच्या खोलीत आम्ही दोघी एकाच वाकळेला दोन बाजूंनी टाके घालत बसायचो. मधे गाठ पडली की वाकळ पुरी झाली. हे गेल्यावर दिवस कसा ढकलायचा हा प्रश्न मला पडायचा. तो पडायचा कधी थांबला ते कळलंही नाही.

मी तिला उलट फोन लावला. उचलला नाही. उचलणार कशी, नियमच तो. आधणाखालचा गॅस बंद करून मी निघाले.

दाराला कुलूप होतं. तिचा मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. सून शिरवळच्या कंपनीत, सकाळीच कंपनीची गाडी धरते. मागचं दार ढकललं, आतून कडी. पुन्हा फोन लावला आणि दाराला कान दिला. फोन आत वाजत होता.

मी दार बडवलं, ते ऐकून अध्यक्षीणबाई आल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, मला पाहिलं. "रिंग आली न्हवं तुमाला?"

"आली. पण तिची वाटली नाही."

"रिंगबी काय कुणाची वेगळी आस्ती व्हय? आवं, काल जरा मलूल दिसत हुती. सुनंबरं दवाखान्यात गेली आसंल. फोन ऱ्हायला घरात."

सुनेला लावला. बंद. कंपनीच्या गेटवरच फोन काढून घेतात, पण ती कंपनीत गेली की दवाखान्यात, कुणाला ठाऊक. आम्ही दोघी उन्हात उभ्या. बाईंचं चुकत नव्हतं. दुसऱ्याच्या घराचं कुलूप तोडायचं, आणि संध्याकाळी सासू-सून हसत घरी आल्या तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. माझं तर या गावात आधीच काय होतं? पण पाय तिथून हलेनात. मला भीती वाटत होती, अगदी लहान पोरीसारखी, आणि ती भीती कशाची हे मला माहीत होतं. असंच बंद दार मी एकदा पाहिलं होतं, आत हे गेलेले. आता दाराआड माझी मैत्रीण होती, आणि मला हे दुसरं मरण नको होतं.

तेवढ्यात तुळशीच्या कट्ट्याशी नजर गेली. तिथं तिची चप्पल होती, अंगठा तारेनं बांधलेली. मोची गावातच बसतो, पण ही तार बदलायला तयार नव्हती. दुसरी चप्पल तिला नव्हतीच.

"अनवाणी गेली दवाखान्यात?" मी विचारलं.

बाईंनी चप्पल उलटून पाहिली. शेजारच्या गोठ्यातून पहार घेऊन आल्या. "हे समदं तुमच्या डोस्क्यावर हां."

"माझ्या डोक्यावर. मारा."

तीन दणक्यांत कोयंडा निघाला.

ती खाटेवर घोरत होती. बाईंनी पहार खाली टेकली आणि कपाळावर हात मारला. "बगा! झोपलीया निवांत. आता काय सांगायचं तिच्या सुनंला?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. गार. अंगावरचं लुगडं घामानं चिंब. हलवलं, हाक मारली, चिमटा काढला. नुसतं घोरणं. ह्यांना साखरेचा आजार होता, हिलाही आहे. साखर खाली आलेलं माणूस कसं दिसतं ते मला कुणी शिकवायला नको होतं.

"गाडी बोलवा. आणि पाणी पाजू नका, ठसका लागेल!" असं ओरडत मी स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर ताट झाकलेलं होतं. उघडलं तर भात-वरण, वर दोन मोदक, सगळं तसंच. डोक्यात लख्ख उजेड पडला. काल संकष्टी. आभाळ भरलेलं, चंद्र काही दिसला नसणार. चंद्र दिसल्याशिवाय ही जेवणार नाही. पण जेवणाआधीची साखरेची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला घेतलेली, रिकामं पाकीट ताटाशेजारीच पडलेलं. देवाचंही ऐकलं, डॉक्टरांचंही ऐकलं, आणि जीव दोघांच्या मधे अडकला.

फडताळात काकवीची बरणी सापडली. बोटावर घेऊन मी तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळू लागले. थोडी, पुन्हा थोडी. काकवी ओठांवरून हनुवटीवर ओघळत होती. मी तिला शिव्या देत होते. छावणीत ऐकलेल्या, हिंदीतल्या सुद्धा. बाई तिचे तळवे चोळत गणपतीला विनवत होत्या. घोरणं तसंच चाललं होतं. मला वाटलं, संपलं.

आणि तिनं माझं बोट चावलं.

असं कडकडून चावलं की मी किंचाळले, आणि किंचाळता किंचाळताच रडायला लागले.

पुढचं साताऱ्याच्या डॉक्टरांनी केलं. संध्याकाळी सून धावत दवाखान्यात आली. सासूला उठून बसलेली पाहिल्यावर माझ्यापाशी येऊन भिंतीला टेकली. "मावशी, सकाळची रिंग मी दिलती. आत्याला रातीपासून बरं नव्हतं, म्हटलं झोपू द्यावं. रिंग न्हाई गेली तर तुमी समद्या येऊन दार वाजवशीला, त्यांची झोपमोड व्हईल. फोन लावून ठिवला आन् तवर केसांची येणी घालत बसले. मग भाईरनं कुलूप घालून गाडी धरली." ती तिथंच खाली बसली.

अध्यक्षीणबाईंनी तोंड उघडलं होतं. मी त्यांचा हात दाबला. पोरीनं सासूच्या झोपेची काळजी केली होती, तिला काय बोलायचं? चूक आमच्या पद्धतीत होती. मी हाय असं कुणीही वाजवून सांगू शकतं.

त्याच व्हरांड्यात नियम बदलला. आता उचलायचं. आवाज ऐकायचा. बाई पुटपुटल्या, "बिल आलं तर?" पण हो म्हणाल्या.

ती दोन दिवसांनी घरी आली. तिसऱ्या सकाळी आधण ठेवलं आणि मी फोनपाशीच उभी राहिले. वाजला. सवयीनं हात आखडला, तरी हिरवं बटण दाबलं.

"आवं, किती येळ वाजू द्यायचं?" पलीकडून तिचा आवाज कडाडला. "आन् माझा कोयंडा मोडलासा त्यो मोडलासा, समदी काकवी सांडून ठिवली. खाटंला मुंग्या लागल्यात मुंग्या!"

मी फोन कानाशी घट्ट धरला. 

"जिती आहेस ना?" मी म्हणाले. "मग रागव खुशाल."