कुल्हडातलं वाण

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फ्रीगंज वस्तीतल्या आमच्या बगीचा मंडळाचं मुख्य काम म्हणजे एकमेकींच्या शेवंतीत खोट काढणं. बहुतेक साहेब लोकांच्या बायका, आणि बाकीच्या माझ्या सासूबाईंसारख्या, ज्यांना साहेबांच्या बायकांत बसायला आवडतं अशा. दर हिवाळ्यात फुलांचं प्रदर्शन भरायचं, बक्षीस अध्यक्षीणबाईंनाच मिळायचं आणि घरी येईपर्यंत सासूबाई त्यांच्या गुलाबांना नावं ठेवायच्या. मी नवी सून, मागून फाटक लावून घेण्यापुरती सभासद.

खरा बगीचा आमच्या घरात होता आणि तो वन्संचा होता. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर वर्षाच्या आत कुंकू गेलं आणि त्या माहेरी परत आल्या. मागच्या आंगणात त्यांनी काडी खोचली तरी ती रुजायची. प्रदर्शनाला आमच्या घरच्या म्हणून जाणाऱ्या कुंड्या त्यांच्याच असायच्या, पण त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. चारचौघांत सणासमारंभाला पुढं यायचं नाही ही सासूबाईंची काळ्या दगडावरची रेघ, आणि वन्संनी ती कधी ओलांडली नव्हती.

मग सिंधमधून निर्वासित आले. स्टेशनापलीकडच्या मोकळ्या मैदानावर बराकी उभ्या राहिल्या. अध्यक्षीणबाईंनी सभा बोलावून सांगितलं की आता देश आपला आहे, नुसती शेवंती पुरे झाली, आपण समाजसेवा केली पाहिजे. काय करायचं यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाट्या-करंडे लुटण्याऐवजी रोपांचं वाण द्यायचं आणि बराकींतल्या बायकांना अध्यक्षीणबाईंच्या बंगल्यावर बोलवायचं. पण ऐन संक्रांतीच्या थंडीत कोवळं रोप टिकत नाही, म्हणून रथसप्तमीचा मुहूर्त धरला. थंडीत रोपं जगणार नाहीत हा निरोप वन्संनीच माझ्याकरवी पाठवला होता.

रोपं अर्थात त्यांनीच वाढवली. हलवायाकडचे वापरलेले कुल्हड, म्हणजे मातीचे पेले, आणवले, धुतले, बुडाला भोक पाडलं आणि त्यांत लिंबू, जास्वंद, कढीलिंब लावले. माती जरा सुकली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आदल्या दिवशी त्या सासूबाईंना म्हणाल्या, "मी पुढं येणार नाही. पण रोप कसं लावायचं तेवढं त्या बायकांना मला सांगू द्या." सासूबाई म्हणाल्या की सूनबाईला सांगून ठेव, ती सांगेल. वन्संनी मला सांगून ठेवलं. माझं अर्धं लक्ष नेसायच्या साडीकडे होतं.

रथसप्तमीला दुपारी मी बंगल्याच्या पायरीवर हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी राहिले. वन्सं रोपांबरोबर आल्या होत्या, पण बंगल्यामागच्या हौदाशी त्यांवर पाणी शिंपडत होत्या, तिथून पुढचं काही दिसत नव्हतं. बराकीतल्या बायका आल्या आणि फाटकातच थांबल्या. मी पुढं झाले, सर्वांत पुढच्या बाईच्या कपाळाकडे बोट नेलं, तर ती मागं सरकली. मला वाटलं लाजतेय. तिनं माझा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "बहनजी, मेरा आदमी पीछे छूट गया था. है कि नहीं, आज तक मालूम नहीं. मैं ये लगाऊँ कि नहीं, आप बताओ."

मी अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. तिच्या मागं तशाच आणखी बायका होत्या, आणि कितीकींना तर नवरा गेल्याची खात्रीच होती. आम्ही शहाण्या बायकांनी दोन महिने तयारी केली, तिळाच्या वड्या केल्या, खुर्च्या मांडल्या, पण ही गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती. आजही आठवलं की चीड येते. त्या बायका वळायच्या बेतात होत्या.

तेवढ्यात बंगल्याच्या बाजूनं वन्सं आल्या. पुढं एवढी शांतता का झाली ते बघायला आल्या असणार. हातात कढीलिंबाचा कुल्हड, पदर खोचलेला, हात मातीनं भरलेले. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या करंड्याकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, आणि सगळं समजल्या. आम्हा सर्वांच्या देखत चालत फाटकापर्यंत गेल्या.

"पौधे को इससे क्या लेना-देना," त्या म्हणाल्या. "लो. कुल्हड़ फोड़के लगाना, जड़ मत हिलाना."

आणि तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसल्या. बायका त्यांच्याभोवती जमल्या. कुणी विचारलं, बराकीसमोर मुरूम आहे, तिथं काय लागेल? कुणी म्हणालं, आमच्याकडे गावी डाळिंबं होती. वन्सं बोलत होत्या. एवढं बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं. रोपं संपली तशी मी करंडा झाकून ठेवला आणि तिळाच्या वड्या फाटकाशी नेऊन वाटल्या.

सासूबाई चार दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी वन्सं पायात चपला घालून बराकींकडे निघाल्या, रोपं लागली का बघायला. सासूबाईंनी नाक मुरडलं पण अडवलं नाही. मंडळाच्या कामाला जाते म्हटल्यावर अडवणार तरी कशा? पुढं बराकींची पक्की वस्ती झाली. मंडळानं खटपट करून तिच्या कडेला एक जमिनीचा तुकडा आणि त्यावरची एक खोली मिळवली. तिथं रोपवाटिका झाली. वन्सं सकाळी जायच्या, दिवेलागणीला परतायच्या. ती फाटकातली बाई त्यांच्या हाताखाली कलमं बांधायला शिकली. तिचा नवरा आला नाही. मुलगी मात्र शाळेत जाऊ लागली.

आणि मग राज्यांची मोडतोड झाली. आमचं मध्य भारत राज्य संपलं, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या यजमानांचं खातंही. मंडळातल्या निम्म्या बायकांची तीच गत. अध्यक्षीणबाईंनी शेवटची सभा घेतली आणि रोपवाटिका बंद करण्याचा विषय काढला. वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बंद कशाला? मी राहते की तिथल्या खोलीत."

घरी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. बाईमाणूस, एकटी, परक्या वस्तीत, लोक आमच्या तोंडात शेण घालतील. वन्सं ऐकून घेत होत्या आणि भोपाळला न्यायची भांडी पोत्यात भरत होत्या. दुसऱ्या दिवशी ती फाटकातली बाई वस्तीतल्या आणखी दोघींना घेऊन आमच्या दारात आली. ती सासूबाईंसमोर जमिनीवर बसली.

"माँजी, ये अकेली नहीं रहेंगी. रात को मेरी लड़की इनके पास सोएगी. आप इनको ले जाओगी, तो हमारे पास क्या रहेगा?"

आपल्या लेकीवाचून कुणाचं अडेल हे सासूबाईंना कधी सुचलंच नसावं. मग त्यांनी मला आत पाठवलं, आणि बांधलेल्या भांड्यांतून एक तवा, एक पातेली आणि दोन ताटं बाहेर काढायला सांगितलं.

स्टेशनावर वन्सं आम्हाला पोचवायला आल्या. सासूबाईंनी खिडकीतून त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "कडी नीट लावत जा गं पोरी." गाडी हलली. मला रडू आलं, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. भरल्या कपाळाची मी, ट्रंकांच्या मधे बसून भोपाळला निघाले होते, आणि तुला यायचंय का असं मला कुणी विचारलं नव्हतं. गाडीनं वेग घेण्याआधीच वन्सं वस्तीकडच्या पुलाकडे वळल्या होत्या, भराभरा, कारण रोपांना पाणी घालायची वेळ झाली होती.