खिडकीतलं मडकं

गावभरचे फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरचाच फ्रीज बंद पडला. सुटा भाग यायला आठवडा होता आणि आईचं इन्सुलिन पंचवीस अंशांच्या आत ठेवायला हवं होतं. त्याने ते डबीत घालून मडक्यात ठेवलं, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं, मडकं कपाटात सरकवलं आणि गिऱ्हाइकांना बजावतो तसं कपाटाचं दार घट्ट लावलं. तासाभराने पाहतो तर मडक्यात ठेवलेला थर्मामीटर तिसावरच अडून बसलेला.

"अरे शहाण्या, बंद कपाटात फडकं वाळतं का कधी?" आई म्हणाली. "वारा लागू दे की!"

मडकं खिडकीत, सावलीला गेलं. मिस्त्री समोर स्टूल टाकून बसला. अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस!

"आई, उतरलं गं!"

"मग जेवायला ये. आणि सवयीने खिडकी लावू नकोस."