शेवडेंचा भूगोल आणि माझी मुलगी

शेवडे गेल्याची बातमी मला बंगळूरहून कळली. राहायचे माझ्यापासून चार घरं सोडून, भोपाळातच, इंद्रपुरीच्या त्याच गल्लीत. मी सकाळचा चहा गाळत होतो, तेवढ्यात मुक्ताचा, माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, सर गेले... झोपेतच. काकूंचा आत्ता फोन आला होता. तुम्ही लगेच जा ना तिकडे, त्या एकट्याच आहेत." मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो. त्या चार घरांच्या अंतरात मला दुःख व्हायला हवं होतं. झालंही, नाही असं नाही. पण त्याच्या आधी भलतंच काहीतरी मनात आलं आणि ते लपवलं तर हा लेख खोटा होईल. नवरा गेल्यावर शेवडेवहिनींनी पहिला फोन शेजारच्या मित्राला नाही, माझ्या मुलीला केला. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा ती त्यांचीच.

आमची ओळख भोपाळच्याच पिपलानीतल्या, कारखान्याच्या टाउनशिपमधली. एकाच ब्लॉकमध्ये मी खाली, ते वर. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात इंजिनीअर. ते मूळचे ग्वाल्हेरचे, टाउनशिपच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. माझी बायको सुनंदा म्हणायची, "भावजींचं बोलणं ऐकायला किती गोड वाटतं!" मला नाही वाटायचं.

भूगोल हा विषय आहे हेच मुळात मला मान्य नव्हतं. संध्याकाळी आम्ही खाली खुर्च्या टाकून बसायचो, तेव्हा एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "दगड भूगर्भवाल्यांचे, पाऊस-वारे हवामानवाल्यांचे, पिकं शेतीवाल्यांची, लोकसंख्या अर्थशास्त्राची. तुमचं स्वतःचं असं काय आहे हो, शेवडे?" ते शेंगा सोलत होते. सगळ्या खाऊन झाल्यावर म्हणाले, "बात अशी आहे साहेब, की हे सगळे आपापला माल घेऊन एका जागी येतात. ती जागा आमची." मग त्यांनीच मला विचारलं, "तुमचा हा कारखाना इथेच का बसवला?" मी बोटांवर मोजत जमीन, खडक, पाणी, रेल्वे, कामगार असं सांगत गेलो. "बघा! प्राकृतिक भूगोल झाला, आर्थिक झाला. आता हे सांगा, भिंतीपलीकडची झोपडपट्टी तिथेच का बसली? चार इमलीत साहेब लोकांच्या बंगल्यांजवळ का नाही बसली? ओडियावाले एका गल्लीत, केरळवाले दुसऱ्या गल्लीत, हे कोणी ठरवलं? हा मानवी भूगोल. नावं पाठ करणं म्हणजे भूगोल नाही साहेब, 'इथेच का' हे विचारणं म्हणजे भूगोल." मला काही ते पटलं नाही. पण सहावीतली मुक्ता माझ्या खुर्चीला टेकून उभी होती आणि तिला पटलं होतं.

मग ती वरच असायची. गच्चीवर नेऊन ते पोरांना कॉलनीचा उतार दाखवत, नाल्याचं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवत, काळी माती तळहातावर चोळायला लावत. पोर्शन कधी वेळेवर पूर्ण करत नसत, हेडमास्तर वैतागलेले असत, आणि पोरं मात्र त्यांच्यावर जीव टाकत. मला मुलीसाठी वेळ नव्हता असं कोणी म्हणू नये. मी रोज मुक्ताचं गणित घ्यायचो. ती मुकाट्याने गणितं सोडवायची आणि वही मिटली की जिन्याकडे पळायची.

आठवीत त्यांनी वर्गाला सांगितलं, कॉलनीचा नकाशा काढा, काहीही न मोजता, नुसता डोक्यातला. शनिवारी दुपारी मुक्ताचा नकाशा टेबलावर पडला होता, तो मी पाहिला. रस्ते वाकडे, कारखान्यापेक्षा शाळा मोठी. मधोमध आमचा ब्लॉक. त्यात वरच्या मजल्यावर खिडकी, खिडकीत मनीप्लांट, दाराशी शेवडेंची सायकल, सगळं रंगवलेलं. आणि खाली, जिथे ती जेवायची, झोपायची, तिथे एक रिकामा चौकोन. आत लिहिलं होतं, 'खालचं घर'.

मी स्वतःला सांगितलं की नकाशाचं प्रमाण चुकलंय. टी-स्क्वेअर काढला, ट्रेसिंग पेपर काढला आणि दुपारभर बसून सगळी टाउनशिप मापात काढून दिली. आमच्या क्वार्टरचा नंबरही टाकला. सवयीने खालच्या कोपऱ्यात चौकट आखली, 'ड्रॉन बाय'समोर मुक्ताचं नाव लिहिलं आणि 'चेक्ड बाय'समोर माझी सही केली! तिचा कागद रद्दीत गेला. सोमवारी माझा नकाशा शाळेतून परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'नकाशा उत्तम. पण हा तपासणाऱ्याचा आहे. मुक्ताचा कुठे आहे?' मुक्ताने रद्दी उपसून आपला कागद काढला, हाताने सरळ केला आणि वर नेऊन दिला. शेवडेंनी तो भिंतीवर लावला. त्यानंतर त्यांच्याकडे चहाला गेलो की तो रिकामा चौकोन माझ्यासमोर असायचा. काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

बारावीनंतर इंजिनीअरिंगला सहज जागा मिळाली असती. मुक्ता म्हणाली, भूगोल घेणार. मी तडक वर गेलो. "माझी मुलगी बिघडवलीत तुम्ही!" असंच म्हणालो मी, वहिनींच्या देखत. शेवडे चिडले नाहीत. "विचारा तिला साहेब, मी तर समजावलं होतं, इंजिनीअर हो म्हणून. सुनतच नाही." ते खरं होतं, मुक्तानेच सांगितलं. त्याने मी जास्तच खवळलो. त्यांचं न ऐकता ती त्यांच्याच वाटेने गेली, माझं मात्र नुसतंच ऐकलं नाही.

माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रोज सायकलवरून डबा आणायचे आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहायचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा इंद्रपुरीतलं हे घर त्यांनीच मला शोधून दिलं. अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड जातं, धड भांडताही येत नाही. त्यांना मूल नव्हतं. लोक म्हणत, बिचाऱ्यांना मुक्ताचाच लळा. मीही मान हलवायचो. माझंच घेऊन गेलेल्या माणसाला मी बिचारा म्हणायचं...

शेवडे गेले त्या दिवशी दुपारीच मुक्ता बंगळूरहून आली. टॅक्सी आमच्या दारावरून पुढे गेली आणि शेवडेंच्या फाटकाशी थांबली. ती वहिनींच्या गळ्यात पडून रडली, हमसून हमसून. मी चपलांपाशी उभा होतो. मनात आलं, मी गेलो तर ही इतकी रडेल का? सुनंदाला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, शरम नाही वाटत? हे काय मोजायचं असतं?" शरम वाटत होती. मोजायचंही थांबत नव्हतं.

तेरावं झालं, मुक्ता परत गेली. पुढच्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. आमचा फोन पाच मिनिटांत आटपतो. तब्येत, औषधं, आईला देतो. या वेळी ती म्हणाली, "बाबा, आज वारा कुठून आहे?"

"वारा?"

"सर दर रविवारी सांगायचे. वारा, ऊन, कुठल्या झाडाला काय आलंय... मी लिहून ठेवते. कॉलेजला गेले तेव्हापासून." "तुम्ही सांगाल का?"

इतकी वर्षं दर रविवारी ती त्यांच्याकडे भोपाळ मागत होती आणि मला कधी वाटलंच नाही की तिला ते हवं असेल. मी फोन घेऊन गच्चीत गेलो. अंगाला वारा लागत होता, पण कुठला ते काही कळेना. चहूकडे पाहिलं. चार घरं पलीकडे, शेवडेंच्या गच्चीवर, बांबूच्या काठीला त्यांनी बांधलेली पांढऱ्या धोतराची चिंधी फडफडत होती. ती पूर्वेकडे ताणलेली होती.

"पूर्वेचा," मी म्हणालो. मग लक्षात आलं. चिंधी जाते तिकडचा नव्हे, येतो तिकडचा. "नाही, थांब. पश्चिमेचा. पश्चिमेचा आहे."

"लिहिते हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"अंदाजाने," मी म्हणालो.

चिंधीचं नाव मी घेतलं नाही. पुढच्या रविवारीही घेणार नाही.