नाव कमी करा, मग या

पावणं, अख्ख्या इचलकरंजीत दिलदारभाईला मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नसंल. म्हणून त्याच्या वाटचं मी बोलते. मी अंबूबाई, त्यो कामाला हाय त्याच मागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरते. तीस वर्सं बघतीया ह्या माणसाला.

भाईचं काम वहिफणीचं. नवं बीम, म्हंजी उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढायच्या आधी त्याचा एकेक धागा आकड्यानं वहीच्या तारांतनं आन फणीच्या फटीतनं ओढायचा, असे हजारो धागे. ह्याला दोन माणसं लागत्यात. एकजण मागनं धागा देतो, दुसरा म्होरनं ओढतो. धागा चुकला की कापडात खोट आलीच. भाईला धागा द्यायला त्याचा पोरगा तोहिद बसायचा. बाप-लेक तासन्‌तास बोलायचे न्हाईत, पण हात काय चालायचे!

चार वर्सांमागं माग बंद पडायला लागले आन पोरं पुण्याला पळाली. तोहिदबी गेला, पार्सलं वाटायला. तमन्नाशी लगीन करून तिकडंच ऱ्हायला.

आन आता मालकांच्या संघाला जाग आली. वरातीमागनं घोडं! कामगार मिळंनात म्हणून योजना काढली. बाहेरनं येऊन इथं काम करंल त्याला तीस हजार रोख, वर वर्षाचं खोलीभाडं. आन इथंच ऱ्हाऊन झिजला त्याला काय? ठेंगा! तरीबी भाई खूश. त्याची एकच खोली, त्यात चौघं मावणार कुठं? तेवढ्यापायीच तोहिद येत नव्हता. आता खोलीचं जमणार म्हणून भाईच्या बायकोनं, नजीराभाभीनं, सुनेसाठी नवी गादी करून घेतली.

तोहिद दोन दिवस रजा काढून आला. संघाच्या हापिसात अर्ज द्यायला मीबी संगं गेलते. खिडकीतल्या साहेबानं रेशन कार्ड बघितलं. "ह्यात तर याचं नाव आहे. म्हणजे स्थानिक. योजना बाहेरच्यांसाठी आहे."

"साहेब, चार वर्सं पुण्यात हाय त्यो," भाई म्हणला.

"मग नाव कमी का नाही केलं?"

आता काय सांगायचं ह्या शहाण्याला! जित्त्या पोराचं नाव कार्डातनं कमी करायला बापाचा हात धजला न्हाई. आमच्या गल्लीत कुणाचाच धजला न्हाई. ज्यांची पोरं गेली, त्या समद्यांच्या कार्डात नावं तशीच हायत.

"नाव कमी करा आणि वर्षानं बाहेरचे म्हणून अर्ज द्या," साहेब म्हणला.

तोहिद हळूच म्हणला, "अब्बा, करूया की कमी. कागदच हाय त्यो."

भाईनं कार्ड उचललं, सदऱ्याला पुसलं. आन तीस वर्सांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "गेला तवा नाव काढलं न्हाई, कारण त्यो परत येणार हुता. आन आता परत आणायला काढू व्हय?"

तोहिद त्याच दिवशी यष्टीनं पुण्याला गेला. भाभीनं गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

आता भाईला धागा द्यायला मी बसते. काल माझा दोनदा धागा चुकला. भाई रागवत न्हाई, त्येचाच मला जास्त राग येतो. तिकडं संघानं स्टँडवर ह्यो मोठा फलक लावलाय, 'या, आपलं शहर तुमची वाट बघतंय.' शहर बघतंय म्हणं! अरं मुडद्यांनो, वाट बघणारा हितं माझ्याम्होरं बसलाय, हातात आकडा घिऊन.